कुडापासून कुंडीपर्यंत

मंडळाच्या गेल्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने सर्वांसमक्ष प्रश्न टाकला, "आमच्या गॅलरीसमोर तीन मजली इमारत झाली. आता बंगईवर बसायचीही चोरी. आडोशाला कुंडीत काय लावू?" प्रश्न निघाला मात्र, जिला तिला तोंड फुटले. कोणी अशोक सांगितला, कोणी बांबू, कोणी अरेका पाम. आणि एकीने "हिरवी जाळी बांध आणि मोकळी हो" असे सांगून विषयच मिटवून टाकला. तेवढ्यात संपादिकाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून स्मरणिकेसाठी लिहा, असे फर्मान काढले.

मी लिहावयास बसले खरी. पण दोन ओळी लिहिल्या आणि मनात आले की, कोणते झाड लावावे या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न दडून बसला आहे. आडोसा कोणी करावयाचा, कोणापासून आणि कोणासाठी? आपल्या वऱ्हाडात गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली आहेत, आणि कुंडी हे त्यांतले अगदी अलीकडचे उत्तर आहे. म्हणून आधी थोडा इतिहास सांगते. झाडांकडे येईनच, तोवर मैत्रिणीने धीर धरावा.

अमरावतीच्या माणसाला आडोसा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, कारण जुने शहरच एका भल्यामोठ्या आडोशात वसले आहे. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमलात १८०७ साली हा परकोट बांधावयास काढला. घेर सव्वादोन मैलांचा, उंची वीसपासून सव्वीस फुटांपर्यंत. अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आपण आज रिक्षावाल्याला सांगतो, तेव्हा ती एके काळी रात्री बंद होणारी दारे होती हे ध्यानातही येत नाही. अकोल्याला असदगड आहेच. असदखानाच्या नावाचा, १६९७ च्या सुमाराचा.

शहराला जसा परकोट, तसा घराला वाडा. माझे माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातले. घर धाब्याचे. रस्त्याकडे जाड मातीची भिंत आणि एकच दार. त्या भिंतीला खिडकी म्हणाल तर हातभर, तीही डोक्याच्या वर. सगळा उजेड आत, चौकात. चौकात तुळशीवृंदावन, मागे सांदवाडी, सांदवाडीत विहीर आणि न्हाणी. पुरुष ओसरीवर बसत, बायका माजघरापलीकडे. ही रचना केवळ बायकांना झाकण्यासाठी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मुलखात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेथे रस्त्याकडे मोठ्या खिडक्या ठेवणे शहाणपणाचे नव्हतेच. जाड भिंत ऊन अडवी, धूळ अडवी, चोर अडवी आणि नजरही अडवी. परंतु घरातल्या सुनेच्या वाट्याला उघड्या आकाशाचा तुकडा किती येणार, हे तिला कोणी विचारून ठरविलेले नव्हते. तुळशीला पाणी घालण्याच्या निमित्ताने सकाळची दहा मिनिटे तेवढी तिची.

वाड्याहून मला जास्त जवळचा वाटतो तो कूड. वाडा मूठभरांचा, कूड सर्वांचा. तूर सोंगून झाली की तुऱ्हाट्यांचे भारे वावरातून घरी येत. त्या उभ्या मांडून, आडव्या कामट्या घालून, अंबाडीच्या दोरीने आवळून कूड तयार होई. घराच्या भिंतीसाठी असेल तर त्याला शेणमाती लिंपावयाची. न्हाणीभोवती असेल तर तसाच उघडा ठेवावयाचा. वर्षभरात पावसाने तो काळा पडे, वाळवी लागे; मग जुना कूड चुलीत जाई आणि नवा उभा राही. न्हाणी म्हणजे एक सपाट दगड आणि तीन बाजूंनी हा कूड. दगडावरून वाहिलेले पाणी जेथे जिरे तेथे अळू, कर्दळ आणि एखादी केळ लावलेली असे. वर्षा-दोन वर्षांत ती झाडे अशी माजत की, कूड पडला तरी आडोसा मोडत नसे. स्नानाच्या पाण्यावर वाढलेल्या झाडांनीच स्नान करणारीला झाकावे, ही सोय ज्या कोणी बाईने प्रथम शोधली तिचे नाव कोठे नोंदलेले नाही. आजच्या गॅलरीतल्या हिरव्या पडद्याची पणजी ती हीच, अशी माझी समजूत आहे.

माझी आजी म्हणे, "कुडाले डोये असते व माय, भितीले नसते." कुडातल्या फटींतून बाहेरचे दिसते, भिंतीतून दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आजी त्या फटीतूनच शेजारणीशी बोले, विरजण मागे आणि कोण गल्लीत आले ते पाही. पुढे मला समजले की, यात एक साधे शास्त्र आहे. जो अंधारात असतो त्याला उजेडातले दिसते. उजेडातल्याला अंधारातले दिसत नाही. जयपूरच्या राजाने १७९९ मध्ये हवामहल बांधून शेकडो झरोके ठेवले ते याच हिशेबाने. आजीचा हवामहल तुऱ्हाट्यांचा होता, एवढाच फरक.

कुडाबाहेर कुंपणाला मेंदी, शेर, निवडुंग. आणि आपल्याकडचे खास म्हणजे बेशरम. जांभळट गुलाबी फुलांचे हे झुडूप मूळ अमेरिकेतले; कांडी खोचली की जगते, ढोरे त्याला तोंड लावीत नाहीत. घराची लाज राखण्यासाठी बेशरमाचे कुंपण, ही गंमत वऱ्हाडातच घडावी! घाणेरीची कथा मात्र गमतीची नाही. शोभेचे आणि कुंपणाचे झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या बागेत आणली गेली, आणि आज मेळघाटच्या जंगलात तिने किती जागा अडवली आहे ते तिकडे गेलेल्यांना ठाऊक आहे. झाड आडोशाला आणताना ते पुढे कोणाकोणाला आडवे येईल, याचा विचार आधी करावा.

आता जे लिहावयाचे ते अशा समारंभाच्या पुस्तिकेत लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. वाडा होता त्यांना भिंत होती, थोडी ऐपत होती त्यांना कूड होता. परंतु ज्यांना यांतले काहीच नव्हते त्या बायकांचे काय? त्यांचा आडोसा म्हणजे अंधार. पहाटे उजाडण्यापूर्वी किंवा रात्री दिवेलागणीनंतर गावाबाहेर जावयाचे. दिवसभर पाणी कमी प्यावयाचे. बाभळीच्या आड बसावयाचे आणि कोणी आले की उठून उभे राहावयाचे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. लहानपणी सुट्टीत मामाच्या गावी मी स्वतः आत्याबाईंबरोबर असा लोटा घेऊन गेलेली आहे. शेणगाव आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. तेथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव जी हागणदारी झाडली, तीत बायकांच्या या यातनेचाही कचरा होता, असे मी मानते. बाबा १९५६ मध्ये गेले. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २००० साली सुरू झाले आणि केंद्राचे स्वच्छ भारत अभियान २०१४ साली. मधली वर्षे मोजावयाची तर मोजा. म्हणून "आडोसा हा श्रीमंतांचा शौक" असे कोणी म्हणाले की मला राग येतो. बाईच्या गरजांत अन्नपाण्यामागोमाग त्याचाच क्रम लागतो.

कायद्याने याकडे कसे पाहिले तेही थोडक्यात सांगते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे एक कलम आहे, अठरावे. त्याचे उदाहरण म्हणून असे दिले आहे की, एखाद्या गावची रूढीच अशी असेल की, शेजाऱ्याच्या एकांताचा भंग होईल अशी नवी खिडकी कोणी पाडू नये, तर ती रूढी मानली जाईल. पुढे १८८८ मध्ये अलाहाबादच्या हायकोर्टाने पडद्यातल्या बायकांच्या घरात डोकावणाऱ्या बांधकामाच्या खटल्यात हा हक्क मान्य केला. वाचून बरे वाटते. परंतु बारकाईने पाहिले तर या साऱ्यात बोलतो तो घराचा मालक. ज्या बाईवर नजर पडते तिचे म्हणणे कोठेच येत नाही. झाकावयाची ती घराची अब्रू होती. खाजगीपणा हा प्रत्येक माणसाचा स्वतःचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. अब्रू घराची होती ती माणसाची व्हावयास एवढा काळ लागला.

कुंडी आपल्याकडे आली ती दुसऱ्या वाटेने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. त्यानंतर साहेब आला, कचेऱ्या आल्या, आणि अमरावतीच्या परकोटाबाहेर ज्याला आपण आजही कॅम्प म्हणतो तो भाग वसला. नागपूरपर्यंतची रेल्वे १८६७ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि वऱ्हाडच्या कापसासाठी विलायतेचे लोक येथे येऊ लागले होते. साहेबाचा बंगला वाड्याच्या नेमका उलटा. वाड्यात चौक आत आणि भिंती बाहेर. बंगल्यात खोल्या आत आणि व्हरांडा बाहेर चारी बाजूंनी. त्या उघड्या व्हरांड्याला उन्हासाठी वाळ्याच्या टट्ट्या आणि शोभेसाठी कुंड्यांच्या रांगा. कुंडीचा मोठा गुण असा की, ती उचलता येते. ज्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होणार, तो झाड जमिनीत कशाला लावील? पुढे आपले वकील, मामलेदार, हेडमास्तर बंगलीवजा घरे बांधू लागले, तेव्हा त्यांनी व्हरांडा घेतला आणि कुंड्याही घेतल्या. मात्र त्या कुंड्यांतली झाडे बहुधा बैठकीकडची, पाहुण्यांना दिसावीत अशी, देखरेख माळ्याची. मागच्या दारी बायकांच्या हाती होता तो तुटका माठ, गळका पोहरा आणि फुटके घमेले. त्यांत कढीपत्ता, पुदिना, मोगरा. खरी बाग ती होती, असे माझे मत आहे.

या कुंड्यांतली झाडे कोठून कोठून आली पाहावे. क्रोटन मोलुक्का बेटांकडचा, अरेका पाम मादागास्करचा, पांढरा चाफा आणि गुलबाक्षी अमेरिकेतली. आणि बोगनवेल ब्राझीलची. तिची हकीकत मंडळाच्या प्रत्येक सभासदाने ऐकावी अशी आहे. बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याची पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम १७६६ मध्ये निघाली. तीत कॉमरसाँ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रीला पाऊल ठेवण्याची बंदी. म्हणून त्याची सहकारी जान बारे ही पुरुषाचा वेष करून, त्याचा नोकर म्हणून जहाजावर चढली. कॉमरसाँचा पाय अधू. डोंगर चढून झाडे आणावयाची, पेट्या वाहावयाच्या, ते काम मुख्यतः हिचे. १७६७ मध्ये रिओ द जानेरोजवळ त्यांना ही वेल मिळाली. ती प्रत्यक्ष जानेनेच तोडून आणली असावी, असे काही अभ्यासक मानतात. वेलीला नाव पडले ते कप्तानाचे. ताहितीला पोहोचल्यावर ती स्त्री असल्याचे उघडकीस आले. पुरुषांनी भरलेल्या जहाजावर वर्षाहून अधिक काळ या बाईने आडोसा कसा सांभाळला असेल, याची कल्पना करून पाहा. कॉमरसाँ १७७३ मध्ये मॉरिशसला वारला. ती पुढे मायदेशी परतली आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली स्त्री ठरली. १७८५ मध्ये फ्रेंच आरमाराने तिला पेन्शन दिली. तिच्या नावाची वनस्पती मात्र शास्त्राच्या पुस्तकात आली २०१२ साली, वांग्या-बटाट्याच्या कुळातली. आपल्या गच्चीवर बोगनवेल फुलली की, मला कप्तानाची नाही, या बाईची आठवण होते.

असो. स्वातंत्र्यानंतर अकोल्यात आणि अमरावतीत नव्या वसाहती झाल्या, वाडे वाटण्यांत तुटले, सांदवाड्यांवर खोल्या चढल्या आणि मग फ्लॅट आले. फ्लॅटने न्हाणी घरात आणली, आणि हे सुख लहान नव्हे हे मी वर सांगितलेच आहे. पण उघड्यावरची जागा उरली चार बाय दहाची गॅलरी, आणि ती समोरच्या गॅलरीसमोर. २०२० साली टाळेबंदीत तर याच गॅलऱ्या आपले अंगण, देऊळ आणि बाजार झाल्या. केस वाळवावेत, शेंगा निवडाव्यात, कोणाशी न बोलता चहा घ्यावा, एवढ्यासाठी थोडी आड हवी असे जिला वाटते, तिला ती आड कोणा सासऱ्याने वा साहेबाने ठरवून दिलेली नसते. ती स्वतः कुंडी आणते, स्वतः ठेवते आणि नकोशी झाली तर स्वतः सरकवते. भिंत सरकत नाही.

आता झाडांविषयी. या बाबतीत माझे गुरू म्हणजे अंजनगाव-सुर्जीचे पानमळेवाले. १८०३ मध्ये शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला तेच हे गाव. पण मला ते तहापेक्षा पानांसाठी मोठे वाटते. नागवेल अतिशय नाजूक. आपल्या उन्हात आणि लूमध्ये ती जगावीच कशी? मळेवाले आधी शेवरी, पांगारा, हादगा अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावतात, वेल त्यांच्यावर चढवितात आणि मळ्याभोवती वारा अडविण्याची तजवीज करतात. म्हणजे आडोशाला आधी आडोसा. गॅलरीत आपण याच्या नेमके उलटे करतो. सर्वांत नाजूक झाड सर्वांत उन्हाच्या तोंडी उभे करतो आणि मग नर्सरीला नावे ठेवतो.

हे मी अनुभवाने सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी आठ अरेका पाम आणून पश्चिमेच्या गॅलरीत ओळीने मांडले. विकणाऱ्याने "कोठेही चालतात" असे सांगितले होते. पंधरा दिवसांत पाने भाजलेल्या पापडासारखी झाली. अरेका सावलीचा, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या गॅलरीत तो फार सुरेख आड धरतो. पश्चिमेला वऱ्हाडात टिकतात ती बोगनवेल, कण्हेर आणि चांगले खतपाणी असेल तर कुंती. कण्हेर विषारी आहे. घरात रांगते मूल किंवा बकरी असेल तर ती आणू नये. ज्याला आपण अशोक म्हणतो तो सरळ उंच जाणारा खोटा अशोक जमिनीत शोभतो. कुंडीत तो वर काठीसारखा वाढतो आणि खाली उघडा पडतो, म्हणजे नेमका बसणारीच्या डोळ्यांसमोर. ज्या मैत्रिणीने तो सुचविला तिने रागावू नये. कुंडीतला बांबूही खादाड. दोन-तीन वर्षांत मुळ्यांनी कुंडी भरते आणि मग ती फोडावी लागते.

मला विचाराल तर आडोशाला सर्वांत भली ती कुंती. पाने बारीक, दाट, बारमाही. कापली तशी वाढते. पावसाच्या सरीनंतर फुलते आणि वास शेजारपर्यंत जातो. तिच्या जोडीला तगर. थोडी हलकी, पारदर्शक आड हवी असेल तर दोरीवर मधुमालती किंवा जाई सोडावी. आणि केवळ पावसाळ्यापुरती आड हवी असेल तर आपले वाल, दोडके आणि गोकर्ण यांच्याइतके स्वस्त आणि झटपट काही नाही. माझ्या आईने जन्मभर वालाच्या मांडवामागे भांडी घासली आणि त्याच मांडवाच्या शेंगा आम्ही खाल्ल्या. माघात वेल वाळतो खरा, पण माघात उन्हाला बसावेसेच वाटते.

उंचीचा हिशेब बहुतेकजणी चुकतात. सात-आठ फुटांची भिंत उभी करण्याची काही गरज नसते. बंगईवर किंवा खुर्चीवर बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आत असतात. समोरचे घर समपातळीवर असेल तर कुंडी धरून साडेचार-पाच फुटांचे झाड पुरते. समोरचा मजला वरचा असेल तर मात्र आड समोर नव्हे, डोक्यावर हवी; तेथे वेलच कामाची. आणि आजीचा नियम विसरू नये. दिवसा आत सावली असेल तर विरळ पानांतूनही आपण दिसत नाही; रात्री गॅलरीत दिवा लावला की, तोच पडदा उलटतो आणि सारे आळीला दिसते. रात्री बसावयाचे तर दिवा मालवून बसावे. चांदणेही दिसते.

मातीची गोष्ट आपल्या भागाची खास आहे. कपाशीला सोन्यासारखी असणारी आपली काळी माती कुंडीत मात्र वैरीण. ओली झाली की फुगते आणि चिकट होते. वाळली की आकसून कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मुळे कोरडीच राहतात. एक भाग काळी माती, एक भाग रेती आणि एक भाग मुरलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, हे प्रमाण मला मानवले. तळाच्या भोकावर खापरी ठेवावी.

पाण्याविषयी तर अधिकच सांगावेसे वाटते, कारण यात चांगल्या चांगल्या संसारी बायका चुकतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून गेला आहे. तेथले बोअरचे पाणी मचूळ. असे पाणी कुंडीत घातले की, पाणी उडून जाते आणि खार मागे राहतो. जमिनीतल्यासारखा तो खाली झिरपून जाण्यास जागा नसते. पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या की बहुधा हेच कारण. काटकसर म्हणून आपण कूलरच्या टाकीत उरलेले पाणी आणि फिल्टरच्या नळीतून वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालतो. पण कूलरमध्येही पाणी उडते व खार उरतो, आणि फिल्टर तर गोडे पाणी आपल्याला देऊन खार त्या नळीतूनच बाहेर टाकतो. ते पाणी फरशी पुसण्यास वापरावे. पावसाळ्यात गच्चीवरच्या पाण्याने कुंड्या दोन-तीनदा भरभरून धुवाव्यात, म्हणजे वर्षाचा खार निघून जातो. तांदळाचे, भाजीचे धुवण मात्र खुशाल घालावे. बोगनवेल आणि कण्हेर थोडा खार सोसतात. अरेका मुळीच नाही.

ओली माती भरलेली सोळा इंची कुंडी चाळीस-पन्नास किलोंची होते. अशा कुंड्या गॅलरीच्या कठड्यावर कधी ठेवू नयेत, आणि जुन्या गच्चीच्या मधोमधही नकोत; भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर ठेवाव्यात. मोठ्या कुंडीच्या पश्चिम अंगाला गवती चहा, कोरफड अशा लहान कुंड्यांची ओळ लावली तर मोठीची कड तापत नाही आणि मुळे वाचतात. पुन्हा तेच अंजनगावचे शास्त्र, आडोशाला आडोसा.

शेवटी माझ्या घरची एक गोष्ट सांगून थांबते. अरेका जळाल्यावर मी हट्टाने मागच्या अंगणाच्या कडेला कुंती, तगर आणि मधुमालती अशी दाट लावली की, तीन वर्षांत शेजारचे घरच दिसेनासे झाले. मला मोठी धन्यता वाटे. नंतरच्या श्रावणात एका दुपारी शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरून मी पडले. घरी कोणी नव्हते. मनगट मोडले होते आणि उठता येईना. हाका मारल्या, पण पाऊस टिनावर असा वाजत होता की, माझी हाक मलाच ऐकू येईना. अर्धा तास मी तशीच पडून. आठवड्यापूर्वी एक तगर कीड लागून मेली होती आणि तिची कुंडी मी उचलून ठेवली होती. त्या हातभर रिकाम्या जागेतून शेजारच्या सूनबाईला माझ्या लुगड्याचा पदर दिसला. "काकू, पडल्या का जी?" म्हणत ती पोर तशीच भिजत, गल्लीला वळसा घालून धावत आली.

हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. बरी झाल्यावर मी त्या जागी नवी तगर आणली नाही. तेथे कढीपत्त्याची बुटकी कुंडी ठेवली. तेथून मी बसलेली दिसत नाही, पण पडले तर दिसेन. मी बसून तपासून पाहिले आहे. आता त्याच फटीतून ताकाचे भांडे इकडून तिकडे जाते, आणि कढीपत्ता तर तिकडेच जास्त जातो. परवा सूनबाई म्हणाली, "काकू, मधुमालतीची एक फांदी द्या ना, आमच्याकडूनही लावतो." दिली. पण कढीपत्त्यापासून दोन हात सोडून लाव, असे बजावून दिली.